डीक स्लेटन प्रकरण : तेरा वर्षं लांबलेलं उड्डाण

मार्च १९६२ मध्ये नासाने जाहीर केलं की अंतराळवीर डीक स्लेटन उडणार नाही. जॉन ग्लेन २० फेब्रुवारीला पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून परतला होता, त्याला महिनाही झाला नव्हता आणि अमेरिकेत त्याच्या स्वागताचा उत्साह ओसरलेला नव्हता. ग्लेननंतर पृथ्वीप्रदक्षिणा करायची पाळी स्लेटनची होती. यान ठरलं होतं, सराव चालू होता, यानाचं नावसुद्धा त्याने ठरवून ठेवलं होतं : डेल्टा ७. उड्डाणाला साधारण दहा आठवडे उरले असताना कारण पुढे आलं ते हृदयाच्या अनियमित ठोक्यांचं.

हे ठोके मार्च १९६२ मध्ये सापडले असते तर हे प्रकरण लिहिण्यासारखं उरलं नसतं. आजार निघाला, माणूस बाजूला झाला, वाईट झालं, एवढ्यावर ते संपलं असतं. पण ठोके अनियमित पडतात हे नासाला ऑगस्ट १९५९ पासून माहीत होतं. माहीत असूनही अडीच वर्षं त्याला तयार केलं गेलं, उड्डाणासाठी निवडलं गेलं, आणि मग कोणतीही नवी वैद्यकीय माहिती हातात नसताना खाली उतरवलं गेलं. या प्रकरणाकडे मी याच बाजूने पाहतो. निर्णय कोणता झाला यापेक्षा तो कुणी घेतला, कोणत्या वेळी घेतला, आणि तो झेलणाऱ्या माणसाने पुढची तेरा वर्षं काय केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

माणूस

डोनाल्ड केंट स्लेटनचा जन्म १ मार्च १९२४ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या स्पार्टा गावाजवळच्या शेतकरी कुटुंबातला. पाच वर्षांचा असताना गवत कापायच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची अनामिका तुटली. तरीही दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक झाला. बी-२५ बॉम्बफेकी विमानातून युरोपच्या आघाडीवर ५६ मोहिमा केल्या, आणि युद्ध संपत आलं तेव्हा जपानवर आणखी ७. परत आल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून १९४९ मध्ये विमान अभियांत्रिकीची पदवी घेतली, काही काळ बोईंगमध्ये नोकरी केली, मग पुन्हा हवाई दलात गेला आणि कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर चाचणी वैमानिक झाला. तिथे डॉन नावाचा आणखी एक जण असल्यामुळे याला नावाच्या आद्याक्षरांवरून 'डी. के.' म्हणू लागले आणि त्याचंच पुढे डीक झालं.

९ एप्रिल १९५९ रोजी नासाने आपले पहिले सात अंतराळवीर देशासमोर आणले : कार्पेंटर, कूपर, ग्लेन, ग्रिसम, शिरा, शेपर्ड आणि स्लेटन. निवडीआधी या सातजणांच्या शरीराची इतकी तपासणी झाली होती की तपासायचं काही उरलं असेल असं कुणालाही वाटलं नसतं. स्लेटन त्या सगळ्यातून पार झाला होता.

ठोके

पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सव्हिल इथे नौदलाचं एक मोठं अपकेंद्री यंत्र होतं. लांबलचक दांड्याच्या टोकाला एक बंद पाळणा. त्यात माणूस बसवायचा आणि गरागरा फिरवायचा, म्हणजे अग्निबाण सुटताना आणि यान परत वातावरणात शिरताना अंगावर येणारा भार जमिनीवरच सोसता येतो. ऑगस्ट १९५९ मध्ये या यंत्रात बसण्याच्या तयारीत स्लेटनच्या छातीला तारा जोडल्या गेल्या आणि कागदावरच्या रेघेने ताल सोडलेला दिसला.

निदान होतं एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे एका लयीत आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात, आणि त्यामुळे खालच्या कप्प्यांचे ठोकेही आडवेतिडवे पडतात. स्लेटनला हे अधूनमधून होई, थोडा वेळ राही आणि जाई. कारण सापडत नव्हतं. त्याला स्वतःला काही जाणवतही नव्हतं. अंतराळवीरांचे डॉक्टर विल्यम डग्लस त्याला फिलाडेल्फियातल्या नौदलाच्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथल्या हृदयतज्ज्ञांना यात चिंता करण्यासारखं काही वाटलं नाही. मग टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोला हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत तपासणी झाली. तिथेही मत तेच पडलं, पण एका तज्ज्ञाचा विरोध होता. या माणसाला उड्डाणावर पाठवू नये, असं त्यांनी वर लिहून कळवलं. ते पत्र फाइलीत गेलं. स्लेटनचं प्रशिक्षण चालू राहिलं.

१९६२ च्या सुरुवातीला उड्डाण जवळ आलं तशी ती फाइल पुन्हा उघडली. स्लेटन हवाई दलाचा अधिकारी असल्यामुळे आधी हवाई दलाच्या आठ डॉक्टरांच्या मंडळाने त्याला तपासलं आणि पूर्णपणे पात्र ठरवलं. हवाई दलाच्या प्रमुख डॉक्टरांनीही त्यावर मान डोलावली. तिथे विषय संपायला हवा होता. पण हवाई दल खात्याचे सचिव यूजीन झकर्ट यांनी पुढे पाठवायला सांगितलं आणि प्रकरण नासाचे प्रशासक जेम्स वेब यांच्याकडे पोचलं. नासाने बाहेरचे तीन नामांकित हृदयतज्ज्ञ बोलावले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : या ठोक्यांमुळे उड्डाणात अडचण येईल की नाही हे आम्हाला सांगता येत नाही, पण ज्याला हा त्रास नाही असा दुसरा माणूस हाताशी असेल, तर त्याला पाठवा.

असा माणूस हाताशी होताच. एक सोडून सहा होते. त्यामुळे या वाक्यानंतर स्लेटनच्या उड्डाणाला वाव राहिला नाही.

डॉक्टरांची बाजूही नीट मांडायला हवी. तोवर जगात फक्त तीन माणसं पृथ्वीभोवती फिरून आली होती : गागारिन, तितोव आणि ग्लेन. त्यातल्या तितोवला दिवसभराच्या उड्डाणात मळमळीने हैराण केलं होतं. वजनहीन अवस्थेत निरोगी हृदय काय करतं हेच अजून धड कळलेलं नव्हतं, मग ज्याचा ताल आधीच सुटतो अशा हृदयाबद्दल छातीठोकपणे कोण सांगणार? वर काही बिघडलं असतं तर एक माणूस गेला असताच, शिवाय सोव्हिएत संघाशी चाललेल्या चढाओढीत सगळा कार्यक्रमच अडचणीत आला असता, आणि 'तुम्हाला १९५९ पासून माहीत होतं' हे वाक्य प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आलं असतं.

म्हणून सावधगिरीवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ती सावधगिरी इतक्या उशिरा सुचण्यावर. १९५९ मध्ये हाच विचार करून स्लेटनला सांगितलं असतं तर तो समजून घेऊ शकला असता. मधल्या अडीच वर्षांत त्याच्या हृदयात काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते फाइल कुणाच्या टेबलावर आहे एवढंच. ती जसजशी वर गेली तसतशी ती अशा लोकांच्या हाती पडली ज्यांना या माणसाची ओळख कमी आणि काही घडल्यास द्यावं लागणारं उत्तर जास्त. तपासणाऱ्या डॉक्टरने पात्र म्हणायचं आणि न तपासणाऱ्या अधिकाऱ्याने शंका काढायची, हा क्रम सरकारी कारभार पाहिलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

घोषणेनंतर स्लेटनला पत्रकारांसमोर बसावं लागलं. त्याने आदळआपट केली नाही. त्याच्या जागी स्कॉट कार्पेंटरला पाठवायचं ठरलं. खरं तर स्लेटनचा राखीव वैमानिक वॉली शिरा होता, पण कार्पेंटरने ग्लेनचा राखीव म्हणून जास्त तास सराव केला होता. २४ मे १९६२ रोजी कार्पेंटरचं अरोरा ७ उडालं आणि परतताना ठरल्या जागेपासून सुमारे ४०० किलोमीटर पुढे जाऊन समुद्रात पडलं. तो सुखरूप सापडेपर्यंत लोकांच्या जिवात जीव नव्हता.

खुर्ची

स्लेटनपुढे दोन रस्ते होते. हवाई दलात परत जाणं, किंवा नासात राहून दुसऱ्यांना उडताना पाहणं. हवाई दलातही आता त्याला एकट्याने जेट विमान उडवता येणार नव्हतं, शेजारी दुसरा वैमानिक हवा. चाचणी वैमानिकाला हे किती लागलं असेल ते वेगळं सांगायला नको.

याच सुमाराला अंतराळवीरांवर कुणीतरी प्रमुख नेमायची गरज निर्माण झाली होती. नऊ नवे अंतराळवीर येऊ घातले होते. बाहेरचा कुणी लष्करी अधिकारी आपल्या डोक्यावर बसण्यापेक्षा आपल्यातलाच माणूस असावा, असा बाकीच्या सहाजणांनी आग्रह धरला, आणि त्यांनी नाव सुचवलं ते स्लेटनचं. सप्टेंबर १९६२ मध्ये त्याने ती जबाबदारी घेतली. पुढच्या वर्षी हवाई दलाचा राजीनामा दिला. १९६६ मध्ये तो सगळ्या उड्डाणदलांचा संचालक झाला. जेमिनी आणि माणसाला चंद्रावर नेणारा अपोलो या दोन्ही कार्यक्रमांत कोण कधी उडणार, कोणाबरोबर उडणार आणि कोण राखीव राहणार, हे मुख्यतः हा एक माणूस ठरवत होता. ज्याला स्वतःला उडायची परवानगी नव्हती, तो!

त्याची पद्धत साधी होती. प्रत्येक मोहिमेला एक मुख्य तुकडी आणि एक राखीव तुकडी. राखीव तुकडीने पुढच्या दोन मोहिमा सोडायच्या आणि तिसरीला मुख्य म्हणून उडायचं. हा कायदा नव्हता, पण सगळे तो पाठ करून होते. कोण कुणाचा राखीव आहे यावरून आपलं भविष्य बोटांवर मोजत होते.

चंद्रावर पहिलं पाऊल कुणाचं पडलं हे या रांगेतूनच ठरलं, आणि तेही एका अदलाबदलीमुळे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान, म्हणजे माणसांना चंद्रावर उतरवणारं छोटं यान, वेळेत तयार होत नाही असं दिसलं, म्हणून अपोलो ८ चांद्रयानाशिवायच चंद्राभोवती पाठवायचा बेत झाला. ज्याने चांद्रयान चालवायची तयारी केली होती त्या मॅकडिव्हिटला आपल्या चांद्रयानाबरोबरच राहायचं होतं. म्हणून स्लेटनने मॅकडिव्हिट आणि बोरमन यांच्या तुकड्यांची अदलाबदल केली. बोरमन आठव्या मोहिमेवर गेला, मॅकडिव्हिट नवव्या. त्यांच्याबरोबर त्यांचे राखीवही सरकले. बोरमनचा राखीव नील आर्मस्ट्राँग होता; आठव्याचा राखीव म्हणून त्याला अकरावी मोहीम आली. मॅकडिव्हिटचा राखीव पीट कॉनरॅड होता, त्याला बारावी. ही अदलाबदल झाली नसती तर रांगेच्या हिशोबाने अकरावी मोहीम कॉनरॅडकडे गेली असती. स्लेटनने इतिहासासाठी माणूस निवडला नव्हता. त्याने एवढंच केलं की एकदा लावलेली रांग मोडली नाही.

या सगळ्या वर्षांतली एक छोटी वस्तू मला फार बोलकी वाटते. प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अंतराळवीराला चांदीची पिन मिळते आणि अंतराळात जाऊन आल्यावर सोन्याची. स्लेटन उडालेला नसल्यामुळे सोन्याची पिन त्याला मिळणार नव्हती. अपोलो १ च्या तुकडीने, म्हणजे ग्रिसम, व्हाइट आणि चॅफीने, त्याच्यासाठी हिरा जडवलेली एक खास पिन ठरवली. ती यानातून नेऊन आणायची आणि मग आपल्या साहेबाला द्यायची, असा बेत होता. २७ जानेवारी १९६७ ला प्रक्षेपण तळावरच चाचणी चालू असताना यानात आग लागली आणि तिघेही गेले. स्लेटन त्या संध्याकाळी तळावरच्या नियंत्रण कक्षात होता. ग्रिसम त्याचा जवळचा मित्र. नंतर तिघांच्या पत्नींनी ती पिन स्लेटनला दिली. पुढे जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग ती आपल्याबरोबर अपोलो ११ वर घेऊन गेला.

रांग कुणासाठी वाकली

स्लेटनबद्दल लिहिताना त्याला न्यायाचा पुतळा करायचा मोह होतो. मला तो टाळायचा आहे, कारण त्याचे काही निर्णय खरोखरच वादाचे होते.

सर्वांत मोठा वाद ॲलन शेपर्डचा. अंतराळात गेलेला पहिला अमेरिकी माणूस हाच, पण त्याचं ते उड्डाण फक्त पंधरा मिनिटांचं. १९६३ मध्ये त्याला आतल्या कानाच्या मेनियर विकारामुळे चक्कर येऊ लागली आणि तोही जमिनीवर आला. मग अंतराळवीरांच्या कार्यालयाचा प्रमुख म्हणून तो स्लेटनच्या हाताखाली काम करू लागला. पहिल्या सातांतले दोन जण, दोघांनाही वैद्यकीय कारणाने बसवलेलं, आणि दोघांच्या हातात बाकीच्यांचं नशीब. कानावर शस्त्रक्रिया करून घेऊन शेपर्ड १९६९ च्या मे महिन्यात पुन्हा पात्र झाला, आणि लगेच स्लेटनने त्याचं नाव अपोलो १३ च्या प्रमुखपदासाठी पुढे केलं.

रांगेप्रमाणे ही जागा गॉर्डन कूपरची होती. तो अपोलो १० चा राखीव प्रमुख होता, दहा अधिक तीन तेरा. कूपर सरावात पुरेसं लक्ष देत नाही असं स्लेटनचं मत होतं आणि त्यात तथ्य असेलही. पण पंधरा मिनिटांच्या अनुभवावर शेपर्डला थेट चंद्रावर उतरणाऱ्या मोहिमेचं प्रमुखपद देणं हा रांगेचा न्याय नव्हता. इथे स्लेटनने आपल्यासारखंच सोसलेल्या मित्राच्या पारड्यात वजन टाकलं, असं मला स्पष्ट वाटतं. नासाच्या मुख्यालयालाही ते पचलं नाही. शेपर्डला सरावासाठी आणखी वेळ हवा म्हणून त्याची तुकडी चौदाव्या मोहिमेवर ढकलली गेली आणि जिम लव्हेलची तुकडी तेराव्यावर आली. तेराव्या मोहिमेत वाटेतच यानात स्फोट झाला आणि चंद्रावर न उतरताच तिला परतावं लागलं. कूपर १९७० मध्ये नासा सोडून गेला. शेपर्ड १९७१ मध्ये चंद्रावर चालला आणि त्याने काम चोख केलं, हेही तितकंच खरं.

त्याच तेराव्या मोहिमेत आणखी एक प्रसंग घडला. राखीव तुकडीतल्या चार्ली ड्यूकला जर्मन गोवर झाला. मुख्य तुकडीतला केन मॅटिंग्ली त्याच्या संपर्कात आला होता आणि त्याच्या शरीरात या रोगाची प्रतिकारशक्ती नव्हती. उड्डाणाला दोन-तीन दिवस उरले असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला काढून जॅक स्वायगर्टला घेतलं गेलं. मॅटिंग्लीला गोवर झालाच नाही. 'कदाचित आजारी पडेल' या कारणावरून ऐन वेळी बाजूला केलेल्या माणसाचा साहेब या वेळी स्लेटन होता. १९७२ मध्ये अपोलो १६ वर मॅटिंग्ली चंद्राभोवती फिरून आला. स्वतः स्लेटनला दहा वर्षांत अशी भरपाई मिळाली नव्हती.

वरून त्याचा शब्द खाली पडला असंही झालं. अपोलो १७ साठी त्याने जो एंगल या वैमानिकाचं नाव दिलं होतं. चंद्रावर निदान एक तरी शास्त्रज्ञ जायला हवा असा वैज्ञानिकांचा दबाव होता, आणि एंगलच्या जागी भूगर्भशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट गेला. माझ्या मते इथे मुख्यालय बरोबर होतं. चाचणी वैमानिकाचा भरवसा चाचणी वैमानिकावरच बसतो, आणि स्लेटनची ती मर्यादा होती.

दुसरी तपासणी

या सगळ्या काळात त्याने स्वतःची आशा सोडली नव्हती. नियमित व्यायाम सुरू केला. सिगारेट सोडली, दारू आणि कॉफी कमी केली, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन पाहिल्या. १९७० नंतर ते अनियमित ठोके येईनासे झाले. नेमकं कशाने थांबले ते ठामपणे सांगता येत नाही. कारण माहीत नसलेला विकार कारण न सांगताच गेला. डिसेंबर १९७१ मध्ये तो मिनेसोटातल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये गेला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची आतून तपासणी झाली आणि काही दोष सापडला नाही. १३ मार्च १९७२ रोजी नासाने त्याला पुन्हा उड्डाणास पात्र ठरवलं. खाली उतरवलं होतं तेही मार्चमध्येच, बरोबर दहा वर्षांपूर्वी.

दहा वर्षांत डॉक्टरांची नजरही बदलली होती. १९७१ च्या उन्हाळ्यात अपोलो १५ च्या जिम आयर्विनच्या हृदयाचा ताल मोहिमेत असतानाच बिघडला. आयर्विन सगळ्या तपासण्यांतून निर्दोष म्हणून पार झालेला माणूस. पुढे त्याला हृदयविकाराचे झटके आले आणि १९९१ मध्ये त्यातच त्याचा मृत्यू झाला. ज्याच्या हृदयावर शंका होती तो जमिनीवर बसला आणि ज्याच्यावर नव्हती त्याचा ताल चंद्रमोहिमेत सुटला. जमिनीवरच्या तपासणीने किती सांगता येतं याचा अंदाज यातून यावा.

जोडकक्ष

पात्र ठरला तेव्हा चंद्रमोहिमा संपत आल्या होत्या. त्याच्यासाठी राहिलं होतं एकच उड्डाण. मे १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी मॉस्कोत करार केला : अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयुझ अंतराळात एकमेकांना जोडायचं. स्लेटनला त्याचं प्रमुखपद हवं होतं. मिळालं तीन उड्डाणं केलेल्या टॉम स्टॅफर्डला. मूळ यानाची जबाबदारी व्हॅन्स ब्रँडकडे आली आणि जोडकक्षाचा वैमानिक म्हणून स्लेटनची निवड झाली. जानेवारी १९७३ मध्ये नावं जाहीर झाली. संचालकाने आपल्याच हाताखालच्या माणसाच्या हाताखाली जायचं होतं. तो गेला. पन्नाशीला आलेला हा माणूस रशियन भाषेच्या शिकवणीला बसला आणि मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत जाऊन सराव करू लागला.

जोडकक्षाचं काम सांगण्यासारखं आहे. अपोलोत जवळपास शुद्ध प्राणवायू असे, पण दाब जमिनीवरच्या एक तृतीयांश. सोयुझमध्ये आपल्या हवेसारखी नायट्रोजन आणि प्राणवायूची हवा, जमिनीइतक्या दाबाची. या मोहिमेसाठी सोव्हिएत बाजूने आपला दाब दोन तृतीयांशापर्यंत खाली आणला. तरीही मधलं दार सरळ उघडता येत नव्हतं. जास्त दाबातून एकदम कमी दाबात आलेल्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याला होतो तोच त्रास. म्हणून दोन यानांच्या मध्ये सुमारे तीन मीटर लांबीची एक नळकांड्यासारखी खोली बसवली. अपोलोकडून आत शिरायचं, मागचं दार लावायचं, नायट्रोजन सोडून दाब वाढवायचा, दोन्हीकडचा दाब जुळला की पुढचं दार उघडायचं. परतताना उलटा क्रम. एक झडप चुकीच्या वेळी उघडली तर आतल्यांच्या जिवावर बेतावं असं हे काम, आणि ते स्लेटनचं होतं.

१५ जुलै १९७५ रोजी बैकोनूरच्या तळावरून सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह आणि व्हॅलेरी कुबासोव सोयुझमधून निघाले. साडेसात तासांनी फ्लोरिडातून अपोलो निघालं. १७ तारखेला दोन्ही यानं जोडली गेली आणि लिओनोव्ह व स्टॅफर्ड यांनी दारातून हस्तांदोलन केलं. लिओनोव्हने पाहुण्यांपुढे व्होडकाची लेबलं लावलेल्या नळ्या ठेवल्या. आत बीटाचं सूप होतं. ५१ वर्षांचा स्लेटन तोवर अंतराळात गेलेला सर्वांत वयस्क माणूस ठरला.

या मोहिमेचा एक धागा आपल्याकडेही येतो. अपोलोचं जमिनीशी संभाषण आणि दूरचित्रवाणीची चित्रं ज्या एटीएस-६ उपग्रहातून आली, तो भारतातल्या एका प्रयोगासाठी आफ्रिकेवरच्या आकाशात आणून ठेवला होता. स्लेटन परतल्यावर आठ दिवसांनी, १ ऑगस्ट १९७५ ला, त्याच उपग्रहावरून 'साइट' हा इस्रोचा कार्यक्रम सुरू झाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम थेट पोचू लागले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.

उतरताना

उड्डाणाचे नऊ दिवस नीट पार पडले. संकट आलं ते शेवटच्या काही मिनिटांत. २४ जुलैला पॅराशूट उघडायच्या वेळी आपोआप चालणारी यंत्रणा सुरू व्हायला हवी होती, ती झाली नाही. ब्रँडने हाताने पॅराशूट उघडलं, पण यान हेलकावत होतं आणि ते सावरायला त्याचे छोटे इंजिन झोत सोडत राहिले. त्याच वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडली. इंजिनाच्या इंधनातला नायट्रोजन टेट्रॉक्साइड हा विषारी पिवळट वायू यानात भरला. खोकत खोकत यान हवाईजवळ समुद्रात आपटलं आणि उलटं झालं. तिघे पट्ट्यांना लटकलेले. स्टॅफर्डने धडपडत प्राणवायूचे मुखवटे बाहेर काढले. ब्रँड शुद्ध हरपून पडला होता. त्याच्या तोंडावर मुखवटा लावून त्याला शुद्धीवर आणलं गेलं.

तिघांना होनोलुलूच्या रुग्णालयात ठेवलं. वायूने फुप्फुसांचं काय केलं हे पाहण्यासाठी घेतलेल्या एक्स-रेमध्ये स्लेटनच्या फुप्फुसावर एक डाग दिसला. कर्करोग असेल या भीतीने ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, पण हा डाग उड्डाणाआधी नजरेस आला असता तर त्याला पुन्हा एकदा जमिनीवर बसावं लागलं असतं. आणि या खेपेला नंतर मिळण्यासारखं काहीच नव्हतं, कारण यानंतर १९८१ पर्यंत एकही अमेरिकी माणूस अंतराळात गेला नाही.

स्लेटनने पुढे नासात एंटरप्राइज या स्पेस शटलच्या उतरण्याच्या चाचण्या सांभाळल्या आणि १९८२ मध्ये तो निवृत्त झाला. मग एका खाजगी कंपनीचा प्रमुख झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेक्ससच्या मॅटागोर्डा बेटावरून त्या कंपनीचा कोनेस्टोगा हा अग्निबाण सुटला. खाजगी पैशावर अंतराळापर्यंत पोचलेला तो पहिला अग्निबाण. छोट्या शर्यतीच्या विमानांचा नादही त्याने उतारवयात जोपासला. १३ जून १९९३ रोजी टेक्ससमधल्या लीग सिटीत तो वारला. मृत्यूचं कारण मेंदूतली गाठ होती. ज्या हृदयावरून एवढं रामायण झालं, त्याने शेवटपर्यंत त्याला दगा दिला नाही.